तिसरी पिन जाते कुठं?

आमच्या घरी फ्रिज उघडायचा तर आधी चप्पल घालावी लागते. म्हणजे लागायची. फ्रिजसमोर एक निळी रबरी जोडी कायम पडलेली असायची, आणि पाहुणा आला की पाण्याच्या ग्लासाआधी त्याला ती दाखवायची. "फ्रिजला हात लावायच्या आधी ही घाला हं, जरा झिणझिणतं." पाहुणा निमूट घालायचा. बाळकुमात अशी आणखीही घरं आहेत. कुणाच्या वॉशिंग मशीनपुढे पाट, कुणाच्या गिझरखाली लाकडी फळी. कुणालाच त्यात काही वाटत नाही.

मी उर्सुला. वर्तकनगरच्या शाळेत चौथीच्या पोरांना शिकवण्यात माझा जन्म गेला. "का?" असं विचारल्याशिवाय पोराला खाली बसू द्यायचे नाही मी. वस्तू उघडून बघायची खोड तर लहानपणापासूनची, त्यापायी वडिलांच्या रेडिओचे मी हाल केलेले. पण चप्पल का घालायची, हा प्रश्न घरात कुणाच्याच तोंडून आला नव्हता. अंगवळणी पडलं की असंच होतं.

तो प्रश्न आणला माझ्या नातीने, आणि तिला अजून बोलताही येत नाही.

निकोल, माझी लेक, इंग्लंडहून नाताळसाठी आली ती स्वीडलला घेऊन. स्वीडल नुकती रांगायला लागलेली. मोबाइलवर पाहिलेली, पण मांडीवर पहिल्यांदाच बसली ती. जावई मेलरॉय विमानतळावरून सामान घेऊन थेट डोंबिवलीला गेलेला. त्याच्या आईवडिलांनी तिथे खाडीकडच्या नव्या टॉवरमध्ये घर घेतलंय. ठरलं होतं असं की नाताळ होईपर्यंत लेक आणि नात आमच्याकडे राहतील, मग सासरी. माळ्यावरचा पाळणा मी धुऊनपुसून उन्हात वाळवून ठेवला होता. त्या पाळण्यात माझा नवरा झोपलेला, नंतर निकोल झोपलेली.

पहिल्याच दुपारी निकोल पोरीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात गेली, अनवाणी, आणि दूध काढायला फ्रिजला हात घातला.

"आई गं!"

कडेवरच्या पोरीलाही ते लागलं असणार. तिने असा टाहो फोडला की शेजारची गोदा कुंपणापर्यंत धावत आली.

"अगं, चप्पल कुठाय तुझी?" मी म्हणाले. काय करू, तोंडातून तेच आलं.

निकोल माझ्याकडे बघतच राहिली. "मम्मी, तू सिरियसली मला हे विचारतेस?" मग तिने पोरीला फरशीवर ठेवलं. स्वीडल रडायची थांबली, नाक ओढलं आणि भराभर रांगत निघाली ती थेट फ्रिजकडे. दारावर चिकटवलेले रंगीत आंबे-केळी दिसले ना तिला! मी झडप घालून उचलली.

"हिला कुठली चप्पल घालू, सांग," निकोल म्हणाली.

मी पोरीला तिच्याकडे दिलं.

"आणि आधी असं नव्हतं गं. कॉलेजात असताना उन्हाळ्यात मी अनवाणी या फ्रिजला टेकून आइस्क्रीम खायचे. तेव्हा कधी लागलं नाही."

हे वाक्य तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं, कारण त्याच्या पुढचंच मला झोंबलं. "मी हिला घेऊन डोंबिवलीला जाते. तिकडे सगळं नवीन आहे. तुम्ही हे नीट करून घ्या, मग येते राहायला. नाही झालं तर नाताळला जेवायला येऊ. मांडीवर घेऊन बसेन आणि संध्याकाळी परत जाऊ."

जेवायला येऊ म्हणे! माझी नात माझ्या घरात पाहुण्यासारखी जेवायला येणार, आणि विहीणबाई तिला मांडीवर घेऊन नाताळचे पिठाचे फुगे तळणार. माझं डोकं असं सणकलं की दुधाचं पातेलं मी ओट्यावर आपटलंच. पण लेकीवर रागावू कशी? बरोबर तर बोलत होती.

मेलरॉयची गाडी यायला वेळ होता. तेवढ्यात सिल्वेस्टर, माझे यजमान, बाहेरून आले. मी त्यांना एरवी "अहो" म्हणते, आणि रागावले की "सिल्वेस्टर". त्या दिवशी ते दारात पाऊल टाकायच्या आत सिल्वेस्टर झाले होते.

सिल्वेस्टर मस्कतला एका हॉटेलच्या लाँड्रीत होते, तिथेच रिटायर झाले. घरी येऊन इतकी वर्षं झाली, पण मन अजून अर्धं तिकडेच आहे. चहा मस्कतचा चांगला, रस्ते मस्कतचे चांगले, ट्यूबलाइटसुद्धा मस्कतची चांगली. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "प्लग! दोष प्लगचा आहे. मी कधीपासून सांगतोय, इकडचा प्लगच बेकार."

आणि आतल्या खोलीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. मस्कतहून आणलेल्या इस्त्र्या, किटल्या, टोस्टर, जे जे बिघडून भंगारात गेलं त्या सगळ्याचे प्लग कापून त्यांनी त्या डब्यात जपून ठेवले होते. मी म्हटलं, देवा, हा माणूस काय काय साठवतो! त्यांनी डबा जेवणाच्या टेबलावर उपडा केला.

रागात होते तरी खोटं कशाला बोलू, माझे डोळे चमकलेच. एका कामाचे इतके प्रकार मी कधी एकत्र बघितले नव्हते. आपले गोल पिनांचे, लहान आणि मोठे. मस्कतचे चौकोनी, जाडजूड. शेव्हरचा दोन बारीक गोल दांड्यांचा. एक अमेरिकन, दोन चपट्या पात्यांचा.

"हा बघ, प्लगांचा राजा," सिल्वेस्टर चौकोनी प्लग हातात घेऊन म्हणाले. "ब्रिटिश. तिकडे सगळीकडे हाच. जगात याला तोड नाही."

"घरी आमच्याकडे पण हेच," निकोल म्हणाली. "अंधारात यावर पाय पडला ना डॅडी, की पेशन्स संपतो माणसाचा. नेहमी पिना वर करूनच पडतो मेला."

"उघड बघू तो," मी म्हणाले.

स्क्रू एकच होता. निकोलने काढला आणि आम्ही तिघं त्यावर वाकलो. आत एक छोटा फ्यूज, म्हणजे इस्त्री बिघडली तर प्लगमधला फ्यूज उडेल, घरभर अंधार नाही. वायर खालच्या बाजूने बाहेर येते, त्यामुळे वायरला धरून खसकन ओढायची सोयच नाही, प्लगलाच धरावं लागतं. दोन आडव्या पिनांना मुळाशी काळं प्लास्टिक चढवलेलं, अर्धवट बाहेर आला तरी बोट पितळेला लागू नये म्हणून. आणि आतल्या तीन वायरींतली हिरवी-पिवळी जराशी लांब ठेवलेली, सैल.

"ही का लांब?" मी विचारलं.

निकोलने वायर ओढून दाखवली. "कुणी हिसका दिला तर आधी या दोन सुटतात. ही सगळ्यात शेवटी. तोपर्यंत करंट बंद झालेला असतो."

वा! कुणीतरी बसून विचार केलाय यावर. वायर ओढणारा माणूस मूर्ख असणार हे धरून चालून केलेला विचार. मला तो माणूस फार आवडला.

"आणि सॉकेटची भोकं बंद असतात," सिल्वेस्टर म्हणाले. "वरची लांब पिन आत गेली की खालची दारं उघडतात. पोराने खिळा घातला तरी जात नाही."

"आणि आपले लोक तिकडे जाऊन काय करतात माहितीये?" निकोल हसायला लागली. "वरच्या भोकात पेन खुपसतात. दारं उघडली की इकडून नेलेला दोन पिनांचा चार्जर आत! माझी रूममेट तेच करायची."

"तू?"

"मी पण," ती म्हणाली.

मग मी आपला गोल पिनांचा प्लग उचलला. मला उगाच त्याची बाजू घ्यावीशी वाटली. निकोलने मोबाइलवर शोधून सांगितलं की हाही मुळात साहेबाचाच. त्याने स्वतःच्या घरातला बदलून चौकोनी केला, आणि आपण त्याचा जुना वापरत बसलो. फ्यूज नाही, पिनांना प्लास्टिक नाही. पण वरची तिसरी पिन बघितली, तर ती इतर दोघींपेक्षा जाडही आणि लांबही. दोघींच्या आधी आत जाणार, दोघींच्या नंतर बाहेर येणार. म्हणजे तोच विचार! इथेही कुणीतरी डोकं लावलंच होतं.

"ही तिसरी जाते कुठं?" मी विचारलं.

"सॉकेटमध्ये," सिल्वेस्टर म्हणाले.

"ते दिसतंय मला. सॉकेटच्या मागे?"

"भिंतीत."

"आणि भिंतीतून?"

सिल्वेस्टरनी निकोलकडे बघितलं, निकोलने मोबाइलकडे. "अर्थ," ती म्हणाली. "जमिनीत जाते. यंत्राच्या अंगावर करंट आला तर तो आपल्याला लागायच्या आधी हिच्यातून जमिनीत उतरतो."

"कुठल्या जमिनीत? आपल्या घरात ती कुठे उतरते?"

कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात मेलरॉयचा हॉर्न वाजला. निकोल पोरीला घेऊन गेली आणि पाळणा रिकामाच राहिला. त्यात मी दुपारी टाकलेलं दुपटं तसंच होतं. ते बघून मला रडू आलं, आणि रडू आलं की मला जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी सिल्वेस्टरनी नाक्यावरच्या हितेश वायरमनला बोलावलं. डब्यात एक ब्रिटिश सॉकेटही निघालं होतं. ते भिंतीत बसवून घेतलं, फ्रिजचा प्लग कापून चौकोनी लावला आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आता लाव हात. अनवाणी लाव."

मी चप्पल काढली, बोटांची मागची बाजू दाराला टेकवली. झिण्ण! कोपरापर्यंत गेलं.

"लागलं?"

"आधी बाळकुमचं लागायचं, आता मस्कतचं लागलं," मी म्हणाले. सिल्वेस्टरचा चेहरा असा पडला की मला त्यातही हसू आलं.

हितेशने पिशवीतून होल्डरला लावलेला बल्ब काढला. दोन तारा शेजारच्या जुन्या, गोल भोकांच्या सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत धरल्या, बल्ब लख्ख पेटला. मग एक तार तिथेच ठेवून दुसरी तिसऱ्या भोकात धरली. काही नाही. वॉशिंग मशीनच्या सॉकेटमध्ये, काही नाही. हॉलमध्ये, काही नाही.

"अर्थिंगच नाही आंटी. अख्ख्या घरात नाही."

म्हणजे बघा. दोन देशांच्या हुशार माणसांनी ती पिन लांब केली, जाड केली, तिची वायर सैल ठेवली. आणि आमच्या घरात ती भिंतीत शिरून पुढे कुठेच जात नव्हती!

"टेन्शन नका घेऊ," हितेश म्हणाला. "तिसरी पिन इथेच न्यूट्रलला, करंट परत जातो त्या तारेला, जोडून लूप मारून देतो. झिणझिण लगेच बंद. एरियात सगळ्यांना तेच करून दिलंय."

सिल्वेस्टर मान हलवायला लागले, पण मी अडवलं. "थांब रे. ती न्यूट्रलची तार पुढे कधी तुटली तर?"

हितेशने डोकं खाजवलं. "तसा चान्स कमी असतो."

"तुटली तर काय होईल ते सांग."

"मग… मग फुल करंट फ्रिजच्या बॉडीत येईल."

"आणि बॉडीला माझी नात टेकलेली असेल. चल, दुसरं काही सांग."

तो जरा खजील झाला. मेन बोर्डाचं झाकण काढून बघायला लागला. "वायर तर आहे आंटी. ही बघा, हिरवी. बाहेर जातेय. तुमचा अर्थिंगचा खड्डा कुठाय?"

"कसला खड्डा?"

"असतो ना. आत मीठ आणि कोळसा भरतात. वर एक पाइप काढलेला असतो, त्यातून अधूनमधून पाणी ओतायचं. माती सुकली की काम नाही करत ते."

पाइप. मीठ. पाणी. मी तिथेच पाटावर बसले.

"अहो," मी म्हणाले, "क्रूसाजवळचा पाइप."

आमच्या अंगणात घराण्याचा क्रूस आहे, सगळ्या जुन्या घरांपुढे असतो तसा. माझे सासरे, व्हिक्टर, तरुणपणी मिठागरावर राबलेले. बोलणं मोजकं. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी बाबा तांब्या भरून घेऊन अंगणात जायचे आणि क्रूसाच्या पायथ्याशी एक लोखंडी पाइप जमिनीतून वर आला होता, त्यात पाणी ओतायचे. कधी मूठभर खडे मीठही टाकायचे. ओतताना पुटपुटायचे, "येल ते खाली ने रं बाबा, माझे पोरांना लावू नको."

आम्हाला वाटायचं, प्रार्थना. येईल ते संकट खाली ने, पोरांना लागू देऊ नको. नवस असेल काहीतरी जुना. मीठ का, तर मिठागरावरचा माणूस, आपलं मीठ देवाला देत असेल. बाबा गेले तेव्हा फादरनी देवळात सांगितलं, "व्हिक्टर रोज प्रभूचे पाय धूत असे." अख्खं देऊळ रडलं. मीही रडले.

आणि मी काय करायचे? मला तो पाइप क्रूसापुढची फुलदाणीच वाटायची. सणासुदीला मी त्यात झेंडू, शेवंती खोचून ठेवायचे. संध्याकाळी बाबा ती फुलं काढून बाजूला ठेवायचे. एकदा मी फणकाऱ्याने विचारलं, "बाबा, माझी फुलं देवाला चालत नाहीत का?" तर म्हणाले, "पान्याची जागा हाय ती." बस्, एवढंच. मी किती दिवस मनात धरून होते, की सुनेच्या हातची फुलं यांना खपत नाहीत.

"पाइप आता कुठाय?" हितेशने विचारलं.

सिल्वेस्टर खिडकीतून अंगणाकडे बघत होते. अंगण चकाचक आहे आमचं. बाबा गेल्यानंतरच्या वर्षी निकोलचं लग्न निघालं. लग्नाआधी उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या आंघोळीचं विहिरीचं पाणी, आणायला सगळे वाजतगाजत निघतात, परत येऊन अंगणात नाचतात, म्हणून सिल्वेस्टरनी मस्कतहून पैसे पाठवून घरापासून फाटकापर्यंत लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. क्रूसाला खाली काळा ग्रॅनाइट लावला. गावात नाव झालं. पाइपाची कुणाला तरी ठेच लागेल म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी तो कापून टाकला, आणि मी म्हटलं होतं, बरं झालं, गंजलेलाच होता.

मला निकोलचं ते वाक्य आठवलं. कॉलेजात असताना ती अनवाणी फ्रिजला टेकायची. तेव्हा बाबा होते. चप्पल आली ती लग्नाच्या गडबडीनंतर.

"अंगण खणावं लागेल," मी म्हणाले.

"वेडी झालीस?" सिल्वेस्टर एकदम भडकले. "क्रूसाखाली पहार घालायची? नाताळ तोंडावर आलाय! लोक येतील, काय म्हणतील? दुसरीकडे कुठेतरी नवा खड्डा काढ म्हणावं, मागच्या बाजूला."

"मागे संडासाची टाकी आहे. आणि नवा कशाला? असलेला आहे ना."

"उर्सुला, तो क्रूस आहे. बाबा तिथे प्रार्थना करायचे."

"अहो, बाबा काय म्हणायचे ते म्हणा बघू एकदा."

"तुला माहितीये."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

ते चिडूनच बोलायला लागले. "येल ते खाली ने रं बाबा, माझे पोरांना…" आणि थांबले. हितेश हातातली हिरवी वायर धरून उभा होता. सिल्वेस्टरनी एकदा त्या वायरीकडे बघितलं, एकदा क्रूसाकडे. मग मागच्या पडवीत गेले आणि पहार घेऊन आले.

ब्लॉक त्यांनी स्वतः काढले. हितेशला हात लावू दिला नाही. रेती बाजूला केली, खाली कापलेल्या पाइपाचं तोंड निघालं, सिमेंटने बंद केलेलं. शेजारी हिरवी वायर, टोक तुटून काळं पडलेलं. आणखी खणल्यावर कोळसा निघाला. आणि कोळशावर पांढरा थर. सिल्वेस्टरनी तो चिमटीत घेतला आणि जिभेला लावला.

"मीठ आहे," ते म्हणाले.

मग तिथेच मातीत बसले. असं बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, बाबांच्या मातीलाही नाही, कारण तेव्हा त्यांना विमान मिळालं नव्हतं. "मी तिकडे होतो," ते म्हणाले, "आणि इकडे हा माणूस रोज माझ्या घराला पाणी घालत होता. मी पैसे पाठवून त्याच्यावर लाद्या बसवल्या."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला त्या फुलांचं काय काय आठवत होतं.

हितेशने नवी तार जोडली, पाइपाला नवा तुकडा चढवला. बाजारातून कोळसा आणला, मी घरातलं सगळं खडे मीठ आणून दिलं. पाणी सिल्वेस्टरनी ओतलं, कळशीच्या कळशी. मग हितेशने घरात येऊन पुन्हा तो बल्ब धरला, एक तार खालच्या भोकात, एक तिसऱ्या भोकात. पेटला! मी टाळ्याच वाजवल्या, चौथीच्या पोरांपुढे वाजवायचे तशा. "पुन्हा कर," मी म्हणाले. त्याने पुन्हा केलं. मी त्याला हॉलमध्ये नेलं, तिथेही करायला लावलं.

वर मेन बोर्डात एक नवा स्विचही बसवून घेतला, करंट जरा कुठे गळला की आपोआप पडणारा. डोंबिवलीच्या टॉवरमध्ये आहे तसाच. त्यानंतर हितेशने बल्ब तिसऱ्या भोकात धरला तर बल्ब पेटायच्या आत घरची वीज गेली. "हे आता असंच होणार आंटी, हेच पाहिजे," तो म्हणाला. मला ते इतकं पटलं की मी त्याला तेही पुन्हा करायला लावलं.

निकोलला मी फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "ये."

नाताळच्या आदल्या सकाळी सगळे आले. निकोल, मेलरॉय, स्वीडल आणि तिला सोडवत नाही म्हणून विहीणबाईसुद्धा. मी सगळ्यांना स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. पायातली चप्पल काढली, फ्रिजवर दोन्ही पंजे ठेवले आणि गालही टेकवला. मग वॉशिंग मशीनला. निकोलने माझ्यापाठोपाठ हात लावला, आधी एका बोटाने, मग अख्खा.

"काहीच नाही," ती म्हणाली.

मग तिने स्वीडलला खाली ठेवलं. पोरगी फरशीवर थपथप हात मारत निघाली, मध्ये निळी चप्पल दिसली तर थांबून ती तोंडात घालून बघितली, मग तिला बाजूला ढकलून फ्रिजपाशी पोचली. आंब्याचं चित्र वर होतं. तिने दाराला एक हात लावला, दुसरा लावला, दोन्ही तळवे तिथेच घट्ट धरून ढुंगण उचललं, आणि उभी राहिली. उघड्या पायांवर. जन्मात पहिल्यांदा.

"मेलरॉय! उभी राहिली!" निकोल किंचाळली. सिल्वेस्टर तोंड फिरवून खिडकीकडे गेले. मी त्यांना जाऊ दिलं.

संध्याकाळी ते तांब्या भरून अंगणात गेले. ब्लॉक परत बसवले होते, पण पाइपाभोवती हातभर जागा मातीचीच सोडायला लावली होती त्यांनी. मी फुग्यांचं पीठ भिजवताना खिडकीतून बघत होते. पाणी ओतताना त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकायची मला गरज नव्हती.

ते आत येतात न येतात तोच विहीणबाई बाहेर गेल्या. येताना डोंबिवलीहून त्यांनी शेवंतीची टवटवीत जुडी आणली होती. क्रूसापुढे गेल्या, इकडेतिकडे बघितलं आणि ती जुडी मोठ्या भक्तीने त्या पाइपात खोचली.

मी पिठाच्या हातानेच धावले आणि फुलं उपसून बाहेर काढली. "अहो, पाण्याची जागा आहे ती!"

विहीणबाईंचा चेहरा असा उतरला की काय सांगू. ओठ घट्ट मिटले, मान खाली गेली. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता. त्याच अंगणात, त्याच जागी उभी राहून मीच तो केलेला.

मी फुलं ग्रॅनाइटवर नीट मांडली. मग विहीणबाईंना हाताला धरून घरात नेलं, स्वयंपाकघरात आणलं आणि म्हटलं, "चप्पल काढा. आता फ्रिजवर हात ठेवा. आणि बसा, तुम्हाला आमच्या बाबांचं सगळं सांगते."